ट्रान्सिल्व्हेनियातल्या सॅक्सन खेड्यांची नक्षीदार घरं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोमानियाच्या मधोमध, कार्पेथियन डोंगररांगांनी तीन बाजूंनी वेढलेला ट्रान्सिल्व्हेनिया हा प्रदेश आहे. तिथल्या सॅक्सन खेड्यांमधल्या घरांच्या दर्शनी भिंती, त्यांचे रंग, गिलाव्यातली नक्षी, त्यावर कोरलेली नावं आणि सालं यांबद्दल वाचक पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात अडकलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सॅक्सन म्हणजे जर्मनीतल्या सॅक्सनीचे लोक ना? मग ते रोमानियात कसे पोहोचले?

सॅक्सनीशी त्यांचा संबंध फारसा नाही. बाराव्या शतकाच्या मध्यावर ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीच्या राज्यात होता. राजा दुसरा गेझा (राज्यकाळ ११४१ ते ११६२) याने सरहद्द राखायला आणि पडीक जमीन लागवडीखाली आणायला पश्चिम युरोपातून शेतकरी आणि कारागीर बोलावले. त्यातले बहुतेक ऱ्हाईन आणि मोझेल नद्यांच्या काठचे, लक्झेंबर्ग आणि फ्लँडर्सकडचे होते. दरबारी कागदपत्रांत त्यांना सरसकट सॅक्सन म्हटलं गेलं आणि तेच नाव पुढे चाललं.

घरांच्या दृष्टीने महत्त्वाचं साल १२२४. त्या वर्षी राजा दुसरा अँड्र्यू याने त्यांना सनद दिली. आपले न्यायाधीश आणि आपले धर्मगुरू आपण निवडायचे, जमीन थेट राजाकडून धारण करायची, मध्ये सरदार नाही. म्हणजे बहुतेक सॅक्सन शेतकरी कुणाची कुळं नव्हती. आपल्या घराच्या कपाळावर आपलं नाव मोठ्या अक्षरांत लिहिण्याची हिंमत आणि हौस त्या मोकळेपणातून आली, असं मला ठामपणे वाटतं. याला अपवाद आहेत. मालिन्क्राव हे गाव अपाफी सरदार घराण्याचं होतं आणि त्यांचा वाडा आजही चर्चजवळ उभा आहे.

२. रस्त्यावरून चालताना सॅक्सन घर कसं ओळखायचं?

घराची अरुंद बाजू रस्त्याकडे असते. तिच्यावर बहुतेक वेळा दोन खिडक्या, खिडक्यांना लाकडी झडपा, वर भिंतीचा त्रिकोणी माथा आणि माथ्यात माळ्याला हवा मिळावी म्हणून ठेवलेले एक-दोन लहान झरोके. त्रिकोणाचं अगदी वरचं टोक सहसा दिसत नाही, कारण तिथे छपराचा एक छोटा उतार पुढे झुकलेला असतो. कौलं चपटी, खालच्या टोकाला गोलाकार, खवल्यांसारखी एकावर एक रचलेली. जमिनीलगत तळघराची खिडकी. तळघर चांगलं उंच असतं, त्यामुळे राहत्या खोल्या रस्त्यापासून वर उचललेल्या असतात.

घराचं दार मात्र रस्त्यावर सापडणार नाही. घराला लागून उंच भिंत असते, तिच्यात बैलगाडी किंवा घोडागाडी जाईल एवढा मोठा दरवाजा आणि शेजारी माणसांपुरता छोटा. तिथून अंगणात शिरायचं आणि मग पायऱ्या चढून घरात. अंगण लांबलचक असतं. एका कडेला घर, पुढे गोठे आणि छपऱ्या, आणि शेवटी सगळ्या अंगणावर आडवं पडलेलं भलंमोठं कोठार. त्याच्या मागे फळबाग. घर, भिंत, दरवाजा, पुन्हा घर, अशी रांग लागल्यामुळे रस्त्याची बाजू एका अखंड तटासारखी दिसते.

३. एवढी मोठी घरं, मग रस्त्याकडे अरुंद बाजू का?

वसाहत करतानाच जमिनीचे लांब आणि अरुंद पट्टे आखून दिले गेले. प्रत्येक कुटुंबाला रस्ता मिळायला हवा आणि मागे शेताकडे वाटही हवी. असा पट्टा मिळाला की घराचं आढं रस्त्याला काटकोनात घेणं हाच सोयीचा मार्ग उरतो. ही आखणी शतकानुशतकं जवळजवळ तशीच राहिली. घरं पडली, जळली, पुन्हा बांधली गेली, पण पट्ट्याच्या रेषा टिकल्या.

याचा परिणाम नक्षीवर झाला. रस्त्याला दिसणारी भिंत एकच, तीही छोटी. तिच्यामागची खोली घरातली सगळ्यात चांगली, पाहुण्यांची. भरतकामाच्या उशा रचलेला पलंग आणि रंगवलेलं लाकडी सामान त्या खोलीत असायचं. सगळी हौस त्याच टोकाला एकवटली. अंगणाकडच्या भिंती अगदी साध्या दिसतात त्या म्हणूनच.

४. भिंतीवरची नक्षी दगडात कोरलेली असते का?

क्वचितच. ती जवळपास सगळी चुन्याच्या गिलाव्यात केलेली असते. भिंत आतून नदीतले गोटे, रानातले दगड, विटा यांची, जे हाताशी असेल त्याची. तिच्यावर चुना आणि वाळूचा गिलावा, आणि त्याच मालातून उठावाची नक्षी.

खिडकीवरचा एखादा कंगोरा जवळून पाहा. तो हाताने घडवलेला नसून ओढलेला असतो. गवंडी पत्र्याच्या तुकड्याला हव्या त्या नक्षीच्या आडव्या छेदाचा आकार कापतो, तो लाकडी घोडीवर ठोकतो. भिंतीवर सरळ पट्टी बसवतो. मग ओला चुना थापायचा आणि घोडी पट्टीच्या आधाराने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवायची. पहिल्या फेरीत नुसता खडबडीत उंचवटा येतो. पुन्हा माल, पुन्हा फेरी. शेवटचे हात बारीक चाळलेल्या चुन्याचे असतात, आणि त्यांनीच कडा धारदार होतात. माल फार ओला असेल तर कंगोरा खाली ओघळतो, फार सुकला तर साचा त्याला ओरबाडतो. नेमकी वेळ साधणं हेच त्या गवंड्याचं कसब.

फुलं, पानं, द्राक्षांचे घड हे मात्र छोट्या थापीने आणि बोटांनी, भिंतीवरच घडवलेले. म्हणून एकाच गवंड्याची दोन फुलंही हुबेहूब सारखी नसतात. चुना आणि वाळू यांच्याइतकं स्वस्त सामान दुसरं नाही. या भिंतींची सगळी किंमत हाताची आहे.

५. कोणकोणती चिन्हं दिसतात? त्यांचे अर्थ काय?

द्राक्षवेल, फुलदाणीतून वर येणारी फुलं, ट्यूलिप, तारे, चक्राकार फुलं, खिडक्यांवरच्या लाटदार भुवया, कोपऱ्यांना खोटे खांब. यातले कितीतरी नमुने त्याच घरातल्या रंगवलेल्या पेट्यांवर आणि भरतकामावरही सापडतात. खोटे खांब आणि लाटदार माथे शहरांतून आले. सिबिऊ, ब्राशोव, सिघिशोआरा इथल्या व्यापाऱ्यांची बरोक, म्हणजे भरगच्च आणि वळणदार सजावटीच्या धाटणीची घरं पाहून खेड्यातल्या गवंड्याने ती आपल्या छोट्या भिंतीवर बसवली.

प्रत्येक चिन्हाला गूढ अर्थ चिकटवण्याची घाई करू नये, असं मी आग्रहाने सांगेन. द्राक्षवेलीचं उदाहरण घ्या. ख्रिस्ती धर्मात वेलीला अर्थ आहेच. पण तिर्नावा नद्यांच्या खोऱ्यात लोक खरोखर द्राक्षं पिकवत आणि त्या उंच तळघरांत वाइनची पिंपं असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने तिथल्या बागा बसवल्या. कित्येक गावांत बागा परत आल्याच नाहीत, भिंतीवरचे घड तेवढे राहिले.

संतांच्या मूर्ती मात्र जवळजवळ दिसत नाहीत. सोळाव्या शतकात ब्राशोवचा धर्मसुधारक योहान्नेस होंटेरुस याच्या पुढाकाराने सॅक्सन समाज लुथरन, म्हणजे मार्टिन लुथरच्या प्रोटेस्टंट पंथाचा झाला, आणि भिंतीवर मूर्तीऐवजी शब्द आले. त्याबद्दल पुढचा प्रश्न पाहा.

६. भिंतीवर जर्मनमध्ये काय लिहिलेलं असतं?

बहुधा तीन गोष्टी: साल, घर बांधणाऱ्याचं नाव आणि एखादी धार्मिक ओळ. नाव पुष्कळदा नवरा-बायको दोघांचं असतं, आणि बायकोचं माहेरचं आडनावही लिहिलेलं सापडतं. धार्मिक ओळ बायबलमधली किंवा घराला देवाचं संरक्षण मागणारी. अक्षरं कधी उठावाची, कधी गिलाव्यात खोदून रंग भरलेली.

वाचताना दोन अडचणी येतात. जुनी जर्मन लिपी टोकदार वळणाची असते, त्यात काही अक्षरं एकमेकांसारखी दिसतात. आणि सालाचे चार आकडे कधी कधी दोन बाजूंना वाटलेले असतात, मध्ये फुलदाणी किंवा झरोका. डावीकडे १८ आणि उजवीकडे ७६ दिसलं तर ते घर क्रमांक नसून साल आहे.

७. मग त्या सालावरून घराचं वय कळतं का?

दर्शनी भिंतीचं वय कळतं, घराचं कळेलच असं नाही. कुटुंबाची भरभराट झाली की जुन्या घराला नवी दर्शनी भिंत किंवा नवा गिलावा दिला जाई आणि त्यावर त्या कामाचं साल घातलं जाई. मागचं तळघर त्याहून शंभर वर्षं जुनं असू शकतं. त्यामुळे गावातला एखादा माणूस घर अठराव्या शतकातलं म्हणाला आणि भिंतीवर १८९० दिसलं, तर दोन्ही खरं असू शकतं.

मोटामोटी सांगायचं तर आज दिसणारी पक्की घरं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतची आहेत. त्याआधी खेड्यांत लाकडी घरं होती. आगी लागायच्या, अख्खा रस्ता जळायचा. ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याच्या अंमलात दगडविटांच्या बांधकामावर आणि सरळ आखणीवर भर दिला गेला आणि रस्ते हळूहळू आजच्यासारखे झाले. गावांतल्या चर्चभोवतीचे संरक्षक तट याहून पुष्कळ जुने आहेत, त्यांची गल्लत घरांशी करू नये.

८. निळी घरं खरंच जुनी आहेत की पर्यटकांसाठी रंगवलेली?

निळा रंग परंपरेतलाच आहे, पण किती जुना हे रसायनावरून बऱ्यापैकी सांगता येतं. ताज्या चुन्यात आम्लविरोधी ताकद इतकी तिखट असते की प्रत्येक रंग त्यात जगत नाही. प्रशियन ब्लू चुन्यात टाकला तर तो बिघडून तपकिरी होतो. अल्ट्रामरीन हा गडद निळा टिकतो, पण तो खनिजातून काढावा लागे तोवर सोन्याच्या भावाचा होता. १८२० च्या दशकाच्या अखेरीस तो कारखान्यात बनवता येऊ लागला आणि पुढे इतका स्वस्त झाला की लोक त्याने कपडे धुऊ लागले. आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना देत आलो ती नीळ हीच, आणि घराला चुना देताना त्यात चिमूटभर नीळ टाकण्याची आपल्या खेड्यांतली रीतही त्याच पुडीची.

दुसरा निळा मोरचुदाचा. द्राक्षबागेवर बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या नाशिक-सांगलीच्या शेतकऱ्याला चुना आणि मोरचूद एकत्र केल्यावर येणारा तो फिका, हिरवट निळा वेगळा सांगायला नको. हे मिश्रण १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये रूढ झालं आणि द्राक्षं पिकवणाऱ्या ट्रान्सिल्व्हेनियातल्या घरांत मोरचूद हाताशी आला. म्हणजे खेड्याच्या भिंतीवरचा गडद, स्वस्त निळा एकोणिसाव्या शतकाच्या मागे जाणं कठीण.

बाकी रंग मातीचे: पिवळी माती, गेरू, हिरवी माती. उठावाची नक्षी बहुधा पांढरी ठेवलेली असते, म्हणजे सावली न पडणाऱ्या ढगाळ दिवशीही ती उठून दिसते. निळा म्हणजे अमुक समाज, हिरवा म्हणजे तमुक, असे ठोकताळे ऐकू येतात. एकाच रस्त्यावर सगळे रंग शेजारी शेजारी दिसतात, तेव्हा त्यांवर विसंबू नका.

९. एवढ्या त्रासाचा चुना कशाला? चांगला बाहेरचा रंग आणि सिमेंटचा गिलावा टिकाऊ नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. त्याचं उत्तर चुकलं की भिंत जाते, म्हणून इथे जरा सविस्तर.

या घरांच्या भिंतींखाली ओल अडवणारा थर नसतो. पायातून पाणी दगडात चढतं, ते आपोआप. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो, त्यामुळे वर चढलेलं पाणी बाहेर पडून वाळतं. त्याच भिंतीवर सिमेंट चढवलं की वाट बंद होते. पाणी आणखी वर चढतं, सोबत क्षार नेतं, भिंतीला लोणा लागतो. हिवाळ्यात तिथे पारा शून्याच्या बराच खाली जातो. अडकलेलं पाणी गोठून फुगतं आणि सिमेंटची अख्खी खपली मागच्या विटेचा पापुद्रा घेऊन खाली येते. उठावाची नक्षी त्या खपलीबरोबर जाते. प्लास्टिकचा अंश असलेले बाहेरचे रंग हेच काम जरा हळू करतात, आधी फुगे, मग पोपडे.

चुना वेगळ्या तऱ्हेने टिकतो. भट्टीत भाजलेली चुनखडी म्हणजे कळीचा चुना. तो पाण्यात विरवला की विरलेला चुना होतो, तो भिंतीवर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा चुनखडी बनतो. म्हणजे रंगाचा थर वर बसलेला नसून दगड झालेला असतो. तो पावसाने झिजतो हे खरं. म्हणून दर काही वर्षांनी पातळ चुन्याचे एक-दोन हात द्यावे लागतात. ईस्टरच्या आधी घराला चुना देण्याची रीत रोमानियाच्या खेड्यांत अजून आहे. हे काम कुटुंबाला स्वतः करता येतं, त्याला ना यंत्र लागतं ना ठेकेदार.

एक सावधगिरी: चुन्याचे हात वर्षानुवर्षं चढत गेले की बारीक नक्षी बुजते, पाकळ्यांच्या जागी गोळे दिसू लागतात. तेव्हा जुने थर हलक्या हाताने खरवडून काढावे लागतात. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुणं हा गुन्हाच आहे, थरांबरोबर पाकळीही जाते.

१०. सगळी घरं एकमेकांना इतकी शोभतात. कुणी नियम केले होते का?

काही प्रमाणात आखणीचे सरकारी नियम होते (प्रश्न ७). पण खरी शिस्त शेजाराची होती. सॅक्सन गावात प्रत्येक रस्त्याची किंवा रस्त्याच्या भागाची एक शेजारसंघटना असे. तिचा निवडलेला प्रमुख, लिखित नियम, वर्गणी आणि कागदपत्रांची पेटी असे. विहीर साफ करणं, मयताची सगळी तयारी, आगीशी झुंज, आणि कुणाचं घर उभं राहत असेल तर हातभार, ही सगळ्यांची जबाबदारी. कामाला न येणाऱ्याला दंड. शेजाऱ्याचं घर बांधायला स्वतः राबलेला माणूस आपलं घर बांधताना त्याच मापाचा, त्याच उंचीचा विचार करतो. वेगळेपणाची मुभा उरते ती नक्षीत, रंगात आणि नावात.

११. हे लोक गेले कुठे? घरं रिकामी का पडली?

विसाव्या शतकाने हा समाज मुळासकट उपटला. जानेवारी १९४५ मध्ये रोमानियातल्या जर्मन भाषकांपैकी सुमारे सत्तर हजार स्त्री-पुरुषांना सोव्हिएत संघात सक्तमजुरीसाठी नेलं गेलं, त्यात हजारो सॅक्सन होते. त्याच वर्षीच्या जमीन सुधारणेत त्यांची शेतं आणि अनेकांची घरं काढून घेतली गेली. पुढे कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूच्या काळात पश्चिम जर्मनीने माणसामागे पैसे मोजून दोन लाखांहून अधिक जर्मन भाषकांना बाहेर काढलं. १९७४ च्या एका हुकुमाने देश सोडणाऱ्याचं घर सरकारजमा होई. १९८८ मध्ये हजारो खेडी पाडून लोकांना इमारतींत हलवण्याची योजना जाहीर झाली. १९८९ च्या डिसेंबरात राजवटच कोसळली आणि बहुतेक सॅक्सन गावं वाचली, पण माणसं थांबली नाहीत. एकट्या १९९० या वर्षात लाखावर जर्मन भाषक रोमानिया सोडून जर्मनीत गेले. कित्येक गावांत पाच-दहा सॅक्सन म्हातारे मागे राहिले.

१२. मग आज त्या घरांत कोण राहतं? भिंतीवर भलत्याच कुटुंबाचं नाव असलेलं त्यांना चालतं का?

रोमानियन, रोमा (ज्यांना पूर्वी जिप्सी म्हणत) आणि हंगेरियन कुटुंबं राहतात. काही १९४५ नंतर आली, काही १९९० नंतर, आणि रोमा तर गावाच्या कडेला पिढ्यानपिढ्या होतेच. काही घरं जर्मनीतल्या मूळ कुटुंबांनी उन्हाळ्यापुरती ठेवली आहेत, काही बाहेरच्यांनी विकत घेतली आहेत.

नावाबद्दल दोन्ही प्रकार दिसतात. कुणी घर घेतल्यावर नाव खरवडून टाकतं, कुणी दर वर्षी त्यावरून जपून चुना फिरवतं. माझं मत स्पष्ट आहे: नाव ठेवावं. ते मालकीचा दाखला नाही, बांधणाऱ्याची सही आहे. नव्या मालकाला आपलं साल लिहायचंच असेल तर दुरुस्तीचं साल खाली वेगळ्या ओळीत घालता येतं, जुन्या मालकांनीही तेच केलं होतं (प्रश्न ७). आणि गावात आलेल्या रोमा कुटुंबांना दोष देण्याची जी सवय काही प्रवासवर्णनांत दिसते ती अन्यायाची आहे. आज दर्शनी भिंती दुरुस्त करणाऱ्या गवंड्यांमध्ये, चुना विरवणाऱ्यांमध्ये आणि विटा भाजणाऱ्यांमध्ये रोमा कारागीर आहेत.

१३. इंग्लंडच्या राजाचं तिथे घर आहे म्हणतात, ते खरं का?

खरं. चार्ल्स युवराज असताना, २००६ मध्ये, त्यांनी विस्क्री गावात एक जुनं सॅक्सन घर घेतलं. निळ्या भिंतीचं, साधं, दोन खिडक्यांचं. त्यांच्या पाठिंब्याने काम करणाऱ्या मिहाई एमिनेस्कू ट्रस्टने (स्थापना १९८७) विस्क्री आणि आसपासच्या गावांत शेकडो दुरुस्त्या केल्या. दर्शनी भिंत, छप्पर, दरवाजा अशी टप्प्याटप्प्याने, स्थानिक कारागिरांना शिकवून. गावातच वाढलेल्या कारोलीन फेर्नोलेंड या त्या कामाचा चेहरा आहेत. राजाच्या घराचा बोलबाला जास्त होतो, पण गाव वाचवलं ते इथेच राहणाऱ्यांनी.

पडायला आलेल्या इमारतींवर तातडीने छप्पर घालणारा, स्वयंसेवकांच्या हातांवर चालणारा दुसरा उपक्रम म्हणजे २०१६ मध्ये सुरू झालेली ‘अँब्युलान्सा पेंट्रू मोन्युमेंटे’, स्मारकांसाठीची रुग्णवाहिका.

१४. घरमालकाला दर्शनी भिंत हवी तशी बदलता येते का?

घर संरक्षित यादीत असेल किंवा संरक्षित परिसरात येत असेल तर नाही. रोमानियात ऐतिहासिक वास्तूंसाठी २००१ चा ४२२ क्रमांकाचा कायदा आहे आणि बदलासाठी सांस्कृतिक खात्याची संमती लागते. ट्रान्सिल्व्हेनियातली तटबंदी चर्चची सात गावं युनेस्कोच्या यादीत आहेत: बिएर्तान (१९९३), आणि १९९९ मध्ये जोडलेली काल्निक, दिर्जिऊ, प्रेजमेर, साशिझ, वालेआ वीलोर आणि विस्क्री. यातलं दिर्जिऊ सॅक्सन नसून सेकेय हंगेरियन लोकांचं आहे.

अडचण आहे ती यादीबाहेरच्या शेकडो घरांची. तिथे रुंद प्लास्टिकच्या खिडक्या बसवताना जुन्या दोन खिडक्यांची एक केली जाते, आणि वरची लाटदार भुवई तोडावीच लागते. एकदा ते झालं की भिंतीचं माप कायमचं बिघडतं. गिलावा परत करता येतो, खिडकीची जागा परत आणणं फार महाग पडतं.

१५. आम्ही एका गावात रस्त्याला समांतर लांब घरं पाहिली. ती सॅक्सन नव्हेत का?

असू शकतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस श्रीमंत शेतकऱ्यांनी शहरासारखी लांब बाजू रस्त्याकडे आणायला सुरुवात केली, दरवाजा घराच्या छपराखाली घेतला. अशा घरांवर नक्षी जास्त आणि कंगोरे भरगच्च असतात, पण द्राक्षवेलीचा हात मात्र सैलसर. मला जुनी, अरुंद माथ्याचीच अधिक आवडतात.

काही गावं मुळातच वेगळी. सिबिऊजवळच्या तुर्निशोर, क्रिस्तियान आणि आपोल्दू दे सुस इथे १७३४ पासून ऑस्ट्रियातून हद्दपार केलेले प्रोटेस्टंट, लांडलर, सॅक्सनांच्या शेजारी वसवले गेले. आणि पश्चिमेकडचं रिमेतेआ हे पांढऱ्या भिंतींचं सुंदर गाव सॅक्सन समजलं जातं, ते हंगेरियन आहे. घरमालकांना दर्शनी भिंत जपण्यासाठी दर वर्षी थोडी रक्कम देण्याची तिथली योजना मात्र सॅक्सन गावांनी उचलण्यासारखी आहे. १९९९ मध्ये तिला वारसा-जतनासाठीचा युरोपा नॉस्ट्रा पुरस्कार मिळाला.

१६. जर्मनीतल्या सॅक्सनीतली लाकडी चौकटीची घरं यांचीच भावंडं का?

नाही. जर्मनी, चेकिया आणि पोलंड यांच्या सीमेवरच्या लुसाटिया भागातलं उमगेबिंडे घर तळमजल्यावर ओंडक्यांची खोली आणि तिच्याभोवती वरचा मजला पेलणारी लाकडी कमानींची चौकट, असं असतं. उत्तरेकडच्या लोअर सॅक्सनीत माणसं, गुरं आणि धान्य एकाच भल्यामोठ्या छपराखाली असतात आणि माथ्यावर लाकडी घोड्यांची दोन मस्तकं एकमेकांना छेदून जातात. दोन्हीकडे सजावट लाकडाची. ट्रान्सिल्व्हेनियात ती चुन्याची आहे.

१७. भारतातून जायचं तर कुठे जावं, काय पाहावं?

१ जानेवारी २०२५ पासून रोमानिया पूर्णपणे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा चालतो. सिबिऊ किंवा ब्राशोव मुक्कामाला धरून गाडी घ्यावी. विस्क्री प्रसिद्ध आहे आणि उन्हाळ्यात गर्दी असते. क्रिट्स, मेशेनडोर्फ, रिकिश, कोप्शा मारे इथे तेच रस्ते शांतपणे पाहता येतात. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन भिंतीवर असताना फिरा, उठावाची नक्षी तेव्हाच बोलते. फोटो काढताना खिडकीच्या आत कॅमेरा रोखू नका. बाकावर कुणी बसलं असेल तर आधी नमस्कार करा, मग विचारा.

१८. नक्षी पूर्ण गळून गेली असेल तर नवी करावी का? जुना फोटो हातात असेल तर?

हा प्रश्न अवघड आहे आणि जाणकारांतही त्यावर मतभेद आहेत. मी असा क्रम धरतो.

तुकडा उरला असेल, अगदी वितभर कंगोरासुद्धा, तर त्याच्यावरून पत्र्याचा साचा कापून उरलेला ओढता येतो (पद्धत प्रश्न ४ मध्ये). ते काम प्रामाणिक आहे, माप भिंतीनेच दिलेलं असतं. फुलं आणि घड गेले असतील आणि स्पष्ट जुना फोटो असेल, तर कसबी गवंड्याकडून करून घ्यावेत, आणि दुरुस्तीचं साल भिंतीवर लिहावं. फोटोही नसेल तर शेजारच्या घरावरून उचलू नये. ती त्या शेजाऱ्याची नक्षी आहे, तिच्यामुळे दोन्ही घरं खोटी पडतात. तिथे साधा गिलावा, खिडक्यांभोवती सपाट पांढरी पट्टी आणि चुन्याचा रंग एवढं पुरे. रंग कोणता हे ठरवायला वळचणीखालचा, पाऊस न लागलेला कोपरा शोधा. तिथे धारदार पात्याने एक छोटा पायऱ्यांसारखा छेद घेतला की जुने थर एकामागून एक दिसतात. त्यातला गिलाव्याला लागून असलेला सगळ्यात तळचा रंगीत थर पहिल्या मालकाच्या निवडीचा धरावा, आणि छेद बुजवण्याआधी त्याचा फोटो काढून घरातल्या कागदपत्रांत ठेवावा.